चारशे बारानंतरचे पान

एक

"वाचकाचा मृत्यू हृदयाच्या ठोक्यांवरील औषधाच्या अतिमात्रेमुळे झाला असून, ही अतिमात्रा घरच्या माणसाच्या हलगर्जीपणामुळे पोटात गेली असावी. संस्थेच्या कामकाजाचा या दुर्दैवी घटनेशी संबंध आढळत नाही."

चौकशी समितीच्या अहवालाचा हा निष्कर्ष. दोन वाक्ये, दोन्ही सुबक, आणि दोन्हींतली एकही गोष्ट कोणी तपासलेली नाही. अतिमात्रा म्हणायचे तर आधी मात्रा मोजावी लागते. ती कोणी मोजली याबद्दल अहवाल मौन पाळतो. 'घरच्या माणसाच्या' या शब्दांत मोठी सभ्यता आहे, कारण नाव घेतलेले नाही; पण वाचकाच्या घरी दुसरे माणूस एकच होते, त्यामुळे ती सभ्यता बोट दाखवून लगेच हात खिशात घालण्याइतकीच उरली. राहिले 'आढळत नाही'. जे कोणी शोधलेच नाही ते आढळत नाही, एवढे मात्र निर्विवाद खरे.

कानताईंनी हा अहवाल ऐकला तो गुरुवारी, पंचवीस तारखेला, वाचक नाना गेल्याला बरोबर आठवडा झाला त्या सकाळी. संस्था अंधांसाठी पुस्तके ध्वनिमुद्रित करीत असे. वाचक बंद खोलीत बसून पुस्तक वाची, ध्वनिमुद्रक काचेपलीकडून ते यंत्रावर टिपी, आणि मग प्रत्येक मिनिट कानताई तपासत: चुकलेला शब्द, गिळलेले अक्षर, खुर्चीची कुरकुर. जन्मापासून दृष्टी नसलेल्या या बाईंना इथे एकतीस वर्षे झाली होती, आणि त्यांचे खरे नाव वेतनपत्रकाखेरीज कुठेही शिल्लक नव्हते.

"इथे सही करायची," ध्वनिमुद्रक म्हणाला. त्याला सगळे बटणराव म्हणत. त्याने त्यांचे बोट कागदाच्या खालच्या कोपऱ्यावर नेऊन ठेवले. "समितीत तिघं. संचालक, बाहेरचे एक विश्वस्त, आणि कर्मचाऱ्यांतर्फे तुम्ही. दोन सह्या झाल्यात."

"आणि मी चौकशी केली केव्हा?"

"मला काय विचारता, ताई. मी बटणं दाबतो."

"सही नाही केली तर?"

"संचालक म्हणाले, उद्या दुपारपर्यंत हवी. मग कागद धाकटीच्या कॉलेजात जाणार."

धाकटी म्हणजे नानांची मुलगी. परिचारिकेच्या शिक्षणाचे तिचे शेवटचे वर्ष. जिने बापाला गोळ्या चुकवल्या असे छापील कागदावर आहे, तिच्या हातात पुढे कोण कोणाची नाडी देणार? अहवालात तिचे नाव नव्हते, पण तिच्या उभ्या आयुष्यावर दार लावून घ्यायला तेवढा कागद पुरेसा होता.

कानताईंनी बोट उचलून घेतले. तेवढ्यात तपासणीच्या खोलीचे जाड, कापूस भरलेले दार उघडले आणि बाहेरच्या जिन्याचा आवाज आत आला. पावले हलकी होती, पण नेहमीसारखी दोन-दोन पायऱ्या गिळणारी नव्हती.

"कानमावशी," धाकटी म्हणाली, "सही करून टाका. मीच मारलंय त्यांना."

दोन

त्या खोलीला खिडकी नव्हती. भिंतींना फोम, जमिनीवर जाड सतरंजी. आत बोललेला शब्द भिंतीला लागून परत येत नसे, जिथल्या तिथे मरे. बाहेरच्यांना इथे गुदमरल्यासारखे होई. धाकटीला त्या दिवशी तीच खोली बरी वाटली असावी.

"कशावरून तू?" कानताईंनी विचारले.

"गोळ्यांचा डबा मी भरते. सात कप्पे, सात दिवस. रविवारी रात्री परीक्षेचं वाचता वाचता भरला. एका कप्प्यात दोन पडल्या असतील."

"असतील. तुझ्या त्या अहवालात पण 'असावी' आहे. आणलायस डबा?"

तिने आणला होता. अपराधी माणूस हत्यार जवळ बाळगतो तसा ती तो आठवडाभर पिशवीत घेऊन हिंडत होती. कानताईंनी एकेक झाकण उघडले. सोमवार ते गुरुवार रिकामे. शुक्रवार, शनिवार, रविवार: प्रत्येकात एक बारीक गोळी.

"बाटली कितीची होती?"

"तीसची. एक तारखेला उघडली."

"रोज किती?"

"एक. सकाळी."

"आणि आता बाटलीत किती आहेत?"

बाटलीही पिशवीतच होती, पण धाकटीने गोळ्या मोजल्या नव्हत्या. आठवडाभर स्वतःला फाशी देत होती, पण दोरी किती लांब आहे ते पाहिले नव्हते. कानताईंनी बाटली तळहातावर उपडी केली आणि अंगठ्याने एकेक सरकवली. नऊ.

"नऊ आणि डब्यातल्या तीन, बारा. तिसातून बारा गेल्या, अठरा राहिल्या. नाना गेले अठरा तारखेला. अठरा दिवस, अठरा गोळ्या. आता मला सांग, ती जास्तीची गोळी तू कुठून आणलीस?"

धाकटीने गोळ्या स्वतः पुन्हा मोजल्या. मग धाकटी नाक ओढत म्हणाली, "पण डॉक्टरांनीच लिहिलंय, गोळीची विषबाधा म्हणून."

"अहवालाला जोडलाय तो कागद?"

"त्याचं पहिलं पान जोडलंय. दुसऱ्या पानावर रक्ताचे आकडे आहेत. ते मागितलंच नाही कुणी."

"तुझ्याकडे आहे?"

"आहे."

"चल," कानताई काठी हुडकत म्हणाल्या. "मला आकड्यांतलं कळत नाही. ज्या बाईला कळतं तिची जीभ कात्रीसारखी आहे, तेव्हा रडायचं असेल तर आत्ताच रडून घे."

तीन

कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात एक फळी उचलून आत जावे लागे. औषधवालीने दोघींना खोक्यांच्या मध्ये उभे केले, कागद घेतला आणि वाचता वाचता जीभ टाळ्याला लावून आवाज काढला.

"समितीत डॉक्टर कोण होता?"

"कुणी नाही," धाकटी म्हणाली.

"वाटलंच. डिगॉक्सिन दिसतंय. एका फुलझाडाच्या पानातून निघालेलं औषध. सैरावैरा पळणाऱ्या हृदयाला लगाम घालतं. गुण आणि विष यांच्यात बोटभर अंतर, म्हणून रक्तातलं प्रमाण बघतात. तुझ्या बाबांचं प्रमाण बघ: जिथे असायला पाहिजे तिथेच आहे. दोन गोळ्या घेतल्या असत्या तर वर असतं."

"मग विषबाधा कशी?"

"खालची ओळ वाच. पोटॅशियम. साडेतीनच्या खाली गेलं तर आम्ही काळजी करतो. इथे दोन पूर्णांक तीन आहे. पोटॅशियम असं उतरलं की नेहमीचीच गोळी, नेहमीच्याच मात्रेत, विषासारखी वागते. भूक मरते, मळमळतं, ठोके अडखळतात, काहींना सगळं पिवळं दिसायला लागतं. आणि एक दिवस लगामच घोड्याच्या गळ्याला बसतो."

कानताईंनी काठीची मूठ फिरवली. "सगळं पिवळं?"

"हो. जुनी, ठळक खूण आहे. का?"

"काही नाही. पुढे बोला."

"आता पोटॅशियम गेलं कुठे? काय प्यायचे ते दिवसभरात?"

धाकटी चाचरत म्हणाली, "सकाळी मी रस द्यायचे. पपनसाचा." आणि मग एका दमात, "मी नंतर वाचलं की ती फळं ठोक्यांच्या गोळ्यांबरोबर चालत नाहीत."

"काही गोळ्यांबरोबर नाही चालत. यकृतात ती गोळी मोडणारं यंत्र हा रस बंद पाडतो आणि रक्तातलं प्रमाण चढतं. इथे प्रमाण चढलेलं नाही. शिवाय फळाच्या रसाने पोटॅशियम मिळतं, जात नाही. तुझा रस सुटला. दुसरं?"

"स्टुडिओत काळी कॉफी," कानताई म्हणाल्या. "बटणराव करतो. डांबरासारखी."

"कॉफीने छाती धडधडेल, झोप उडेल. दोन कप कॉफीने हा आकडा येत नाही. तुमचा बटणराव पण सुटला, कॉफीची चव सोडून. जुलाब? उलट्या? लघवीच्या गोळ्या?"

"नाही. नाही. नाही."

"पाय सुजले होते?"

"बूट चढेनात. मला वाटलं बसून बसून."

"हातात जोर?"

"शेवटी शेवटी बाटलीचं झाकण मला उघडायला सांगायचे."

औषधवालीने कागद खाली ठेवला. मग फळीवरून काहीतरी जड ओढल्याचा आवाज झाला. "मुळी आहे एक. गोड. लोक घशासाठी चघळतात, उकळून पितात, आणि तिला औषध म्हणतच नाहीत. म्हणून डॉक्टरांनी विचारलं 'काय काय घेता' तर कोणी सांगत पण नाही. ज्येष्ठमध. चिमूटभर, कधीतरी, काही होत नाही. रोज कडक काढा घेतला तर शरीर मीठपाणी धरून ठेवतं आणि पोटॅशियम लघवीवाटे सोडून देतं. थांबा, माझ्याकडे तो मोठा वनस्पतिकोश आहे, त्यात छान लिहिलंय. मुळांच्या विभागात." पाने उलटली. "हे बघा. 'हृदयाच्या ठोक्यांसाठी डिगॉक्सिन घेणाऱ्यांनी ज्येष्ठमध पूर्णतः वर्ज्य करावे. दीर्घकाळच्या सेवनाने...'"

"घरात कधीच नव्हतं आमच्या," धाकटी म्हणाली.

कानताईंचे तिकडे लक्ष नव्हते. तोच कोश नाना सात महिने वाचत होते. त्याचे प्रत्येक पान कानताईंनी ऐकले होते. हे वाक्य त्यांनी नानांच्या आवाजात कधीही ऐकलेले नव्हते.

"कुठलं पान म्हणालात?"

"चारशे तेरा."

चार

संस्थेत काही गोष्टी सांगाव्या लागत नसत. लाल दिवा लागला की आधी तारीख बोलायची. प्रत्येक पानाच्या सुरुवातीला पानाचा आकडा बोलायचा. दार नीट बसत नाही म्हणून वाचक आत गेला की बाहेरून कडी लावायची. आणि सर्वांत मोठा नियम संचालकांचा: एका पुस्तकाला एकच आवाज. मध्येच वाचक बदलला तर मागचे सगळे रद्द, पुन्हा पहिल्या पानापासून. अंध वाचकाला पुस्तकाचा चेहरा नसतो, आवाज हाच चेहरा, असे ते म्हणत. वाक्य चांगले होते. चांगल्या वाक्यांची माणसाला सवय लागते.

दुपारी बटणरावाने न कापलेले मूळ ध्वनिमुद्रण लावले. तपासणीत कानताई चुका ऐकत. आज त्या माणूस ऐकायला बसल्या.

"सोमवार, आठ तारीख," नानांचा आवाज. गाजराची नोंद संपली. "पान चारशे पंधरा. बीट." मग थांबून, "अहो, चारशे बारानंतर चारशे पंधरा? मधलं एक पान, पाठपोट, गायब आहे."

काचेपलीकडून संचालकांचा आवाज: "ते छपाईत बिघडलंय, नाना. नवी प्रत मागवलीय. पुढे चला."

"हे मी तेव्हा ऐकलं होतं," कानताई म्हणाल्या. "नोंदसुद्धा केली होती, 'पान येणे बाकी'. त्याच कोशाची प्रत औषधवालीकडे धडधाकट आहे. पुढे लाव."

बुधवार, दहा तारीख. खुर्चीखाली मऊ थपथप. नाना बूट काढून अनवाणी बसले होते. गुरुवारी दोन पानांमधले अंतर वाढले, जसे काही कागद जड झाला होता. शुक्रवार, बारा तारीख: "बटणराव, हा दिवा बदला रे बाबा. पान पिवळं दिसतंय, हळदीत बुडवल्यासारखं."

"त्याच संध्याकाळी बदलला," बटणराव म्हणाला. "तुम्ही पण महिनाभर लिहीत होता, दिवा गुणगुणतो म्हणून."

शनिवार, तेरा तारीख. नवा दिवा, निर्मळ शांतता. आणि नाना: "नव्या दिव्यात पण पिवळंच आहे की. डोळे गेले बहुतेक. कानताईंच्या शेजारची खुर्ची राखून ठेवा."

दोघेही हसले नाहीत. आणि या सगळ्यांतून, प्रत्येक नोंदीच्या आधी, एक बारीक आवाज: धातूचे झाकण फिरण्याचा, मग ओतण्याचा, मग एका घोटाचा.

"कॉफीच्या कपाचा आवाज वेगळा आहे," कानताई म्हणाल्या. "बशीवर टेकतो. हा थर्मास आहे. कोणाचा?"

बटणराव खुर्चीत हलला. "संचालकांचा. मागच्या महिन्यात नानांचा घसा बसला, तेव्हापासून रोज घरून काढा आणायचे. स्वतः ओतून द्यायचे. गोडसर वास यायचा. नाना म्हणायचे, सासरी आल्यासारखं वाटतं."

मागच्या महिन्यात. कानताईंना आपलाच शेरा आठवला. 'आवाज उत्तम. गोडवा परतला आहे.' संचालकांनी तो नानांना वाचून दाखवला होता: बघा, कानताईसुद्धा खूश आहेत. एकतीस वर्षांत त्यांनी कौतुकाचे शेरे मोजके दिले होते. त्यांतला एक असा वापरला गेला होता.

"ताई," बटणरावाचा आवाज एकदम लहान झाला. "अठरा तारखेला नाना आतून दोनदा म्हणाले, दार उघड. संचालक शेजारी बसले होते. म्हणाले, परिच्छेद संपू दे. मी कडी काढली, पण एक परिच्छेद उशिरा."

कानताईंनी हात पुढे करून त्याचे मनगट शोधले. त्याच्या नाडीला कसलेही औषध लागत नव्हते, तरी ती नानांच्या ठोक्यांसारखी धावत होती.

"ते चारशे तेरावं पान," त्या म्हणाल्या, "आलं का कधी?"

"आलं की. नाना गेल्यावर शेवटची नऊ पानं संचालकांनी स्वतः वाचली. त्यांतच हे पण वाचून ठेवलंय. सोमवारची, बावीसची तारीख आहे. तुमच्या तपासणीच्या ढिगात पडलंय."

पाच

संचालकांच्या खोलीला खिडकी होती. हीच काय ती त्यांची चैन. त्यांनी कानताईंना स्वतः खुर्ची दिली.

"सही झाली का, ताई?"

"एक शंका आहे, ती फिटली की करते. नानांना काढा कशाचा द्यायचात?"

"ज्येष्ठमधाचा," ते क्षणभरही न थांबता म्हणाले. "घशासाठी. आमच्या आईची कृती. का?"

"तो त्यांच्या गोळीला चालत नव्हता."

संचालकांनी सुस्कारा सोडला. चांगला सुस्कारा होता. अशाच वाचनासाठी ते एके काळी नावाजलेले होते. "मला ते सोमवारी कळलं. बावीस तारखेला. नाना गेल्यानंतर चार दिवसांनी, ते राहिलेलं पान वाचायला बसलो तेव्हा. अंगावर काटा आला माझ्या. पण आता सांगून कोणाचं भलं होणार होतं? अज्ञान हा काही गुन्हा नाही, ताई."

"नाही. पण मग अहवालात मुलीचं काय?"

"नाव कुठे आहे तिचं?"

"त्या आधी ते पान कधी पाहिलंच नव्हतं तुम्ही?"

"कसं पाहणार? बिघडलेलं होतं ना. कोरं. नवी प्रत बावीसला आली."

हे बिनतोड होते. अज्ञानी माणसाने प्रेमाने दिलेला काढा, उशिरा कळलेले सत्य, मग थोडी भित्री लपवाछपवी. धाकटीचे नाव यातून सुटेल का? संचालक हळहळतील, विश्वस्त मान हलवतील, आणि अहवालातला 'हलगर्जीपणा' जागच्या जागी राहील, कारण घरच्यांनी विचारायला हवे होते. कानताई परत आल्या तेव्हा त्यांना पहिल्यांदाच तपासणीच्या खोलीच्या भिंती जवळ आल्यासारख्या वाटल्या.

रात्री घरी त्यांना झोप आली नाही. सकाळी सर्वांच्या आधी येऊन त्यांनी संचालकांनी वाचलेले ते पान लावले.

"सोमवार, बावीस तारीख. पान चारशे तेरा. ज्येष्ठमध."

आवाज शांत, उच्चार स्वच्छ, कुठे चूक नाही. त्यांनी पुन्हा ऐकले. तिसऱ्यांदा ऐकताना त्यांनी शब्दांकडे लक्ष दिलेच नाही. शब्दांच्या मागे जे होते ते ऐकले.

मग त्यांनी यंत्र बंद केले. जिन्यावर बटणरावाची पावले वाजली तेव्हा म्हणाल्या, "धाकटीला बोलावून घे. आणि संचालकांना निरोप दे, चारशे तेराव्या पानात दोष आहे. पुन्हा वाचावं लागेल."

"ते येतील?"

"सदोष पान आजवर त्यांनी बाहेर जाऊ दिलंय का?"

सहा

ते आले. शुक्रवारी साडेअकराला, कोट खुर्चीवर टाकून, कोशाचे पान हातात घेऊन आत गेले आणि सवयीने मान हलवली. बटणरावाने दार लोटले. लाल दिवा लागला. काचेच्या अलीकडे कानताई, धाकटी आणि बटणराव.

"दोष काय आहे?" संचालकांनी आतून विचारले.

"गुणगुण," कानताई म्हणाल्या. "दिव्याची."

आत पान उलटल्याचा आवाज झाला.

"महिनाभर तो दिवा गुणगुणत होता. माझ्या प्रत्येक तपासणीपत्रात नोंद आहे. बारा तारखेच्या संध्याकाळी बटणरावाने तो बदलला, कारण नानांना पान पिवळं दिसत होतं. दिवा निर्दोष होता बिचारा, पिवळं नानांच्या डोळ्यांत होतं. पण बदलला. तेरा तारखेपासून एकाही ध्वनिमुद्रणात गुणगुण नाही. तुमच्या या पानात तारखेच्या मागे शांतता आहे. 'पान चारशे तेरा' म्हटल्यापासून गुणगुण सुरू होते, ती शेवटच्या शब्दापर्यंत. तारीख बावीसची असेल. तुम्ही ती नंतर बोलून पुढे जोडलीत. पान मात्र जुन्या दिव्याखाली वाचलंय. म्हणजे बाराच्या आधी. आणि आठ तारखेला नानांनी विचारलं तेव्हा पान पुस्तकातून निघालेलं होतं आणि 'बिघडलंय' म्हणून तुम्हीच सांगितलंत, म्हणजे ते आठच्या आधीच तुमच्या हातात होतं. त्यात काय लिहिलंय ते तुम्हाला नाना जिवंत असताना माहीत होतं, आणि त्यानंतर रोज सकाळी तुम्ही थर्मास भरलात."

संचालक हसले. "दिव्याच्या आवाजावर माणसाला धरणार, ताई?"

"मी धरत नाही. मी शेरे देते. इथे लिहीन, 'ध्वनिमुद्रण जोडलेले आहे, तारीख खोटी आहे', आणि अहवालाला ते जोडीन. विश्वस्तांनाही कान आहेत, वापरत नसले तरी. आणि नवी प्रत कोणी पाठवली तेही आज विचारता येईल."

धाकटी पहिल्यांदाच बोलली. ओरडली नाही. "काका, बाबा तुमच्यासाठी घरी जेवणाचा डबा राखून ठेवायचे. तुम्ही काढा देता म्हणून."

खुर्ची सरकली. 

"दार उघडा," संचालक म्हणाले.

बटणरावाने आत आवाज पोचवणारी कळ दाबून ठेवली. "परिच्छेद संपू दे," तो म्हणाला.

संचालक उभे राहिले असावेत, मग बसले. दाराला त्यांनी हात लावला नाही. लावला असता तर ते उघडले असते, कारण त्या दिवशी बाहेरून कडी घातलेलीच नव्हती. पण तीस वर्षे लाल दिव्याखाली बसलेल्या माणसाला ते सुचले नाही.  मग त्यांनी घसा साफ केला, माइकपासून नेहमीच्या अंतरावर सरकले आणि वाचायला लागल्यासारखे बोलू लागले. कानताईंनी त्यातला एकही शब्द कापू दिला नाही. समितीच्या अहवालाला त्यांनी सहीऐवजी हेच जोडले:

"शुक्रवार, सव्वीस तारीख. वाचक, संचालक. काढा मी देत होतो. नानांचा घसा बसला होता आणि एका पुस्तकाला एकच आवाज हा नियम मी केलेला आहे. सुरुवातीला मला काही ठाऊक नव्हतं. सात तारखेला, रविवारी, पुढची पानं नजरेखालून घालताना चारशे तेरा वाचलं. नानांची गोळी कुठली ते मला माहीत होतं, माझ्यासमोर घ्यायचे. काढा बंद केला असता तर आवाज आठवड्याभरात गेला असता, आणि सात महिन्यांचं काम पुन्हा पहिल्या पानापासून. मी ते पान पुस्तकातून काढून घेतलं. ते बिघडलेलं नव्हतं. पान वगळलेलं पुस्तक मी कधी कोणाला दिलेलं नाही, म्हणून त्याच दिवशी इथे एकटा बसून ते स्वतः वाचलं. सोमवारी थर्मास भरताना हात थांबला होता. मग वाटलं, दहा दिवसांचंच काम उरलंय, दहा दिवसांत कोणी मरत नाही. ते अकराव्या दिवशी गेले. दार उघडायला मीच थांबवलं. मुलीची काही चूक नाही. गोळ्या बरोबर होत्या. एवढंच. ताई, आवाज ठीक आला का, की पुन्हा वाचू?"